मॉरिशसचे बीच फिरायचे कसे: आधी वारा बघा, मग रीफ, हॉटेल सगळ्यात शेवटी

मॉरिशसचं बुकिंग करताना बहुतेक जण आधी हॉटेल ठरवतात आणि मग त्या हॉटेलसमोर जो काही किनारा असेल तोच आपला मॉरिशस, असं होऊन बसतं. पाच-सहा दिवस तिथेच, मधे एक दिवस व्हॅनमधून बेटाची चक्कर, एक दिवस बोटीची टूर, संपलं. माझं स्पष्ट मत आहे की हे उलट्या क्रमाने करायला पाहिजे. बेट लहान आहे, लांबी साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५, म्हणजे गाडीने कुठूनही कुठेही दीड-दोन तासात पोचता येतं, पण चार बाजूंना चार वेगळे समुद्र आहेत. पूर्वेला वाऱ्याने टॉवेल उडून जातोय आणि त्याच वेळी वायव्येला पाणी ढिम्म हलत नाहीये, हे इथे नेहमीचंच आहे. तुम्ही कुठल्या महिन्यात जाताय, वारा कुठून येतोय आणि किनाऱ्यासमोर रीफ (पाण्यातली प्रवाळाची भिंत) आहे की नाही, एवढं कळलं की कुठे जायचं ते रोज सकाळी चहा पिता पिता ठरवता येतं.

थोडं बेटाबद्दल, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. समुद्राच्या तळातून आलेल्या लाव्हाने हे बेट बनलंय, साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी ते पाण्याबाहेर आलं. आणि आपल्यासाठी यात एक भारी गोष्ट आहे. भूगर्भशास्त्रज्ञ असं मानतात की ज्या हॉटस्पॉटवरून (म्हणजे भूकवचाखालच्या लाव्हाच्या भट्टीवरून) साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तोच हा हॉटस्पॉट. वरचं भूकवच उत्तरेकडे सरकत गेलं, खालची भट्टी तिथेच राहिली, मग वाटेत लक्षद्वीप आणि मालदीवच्या खालचे डोंगर झाले, मग मॉरिशस झालं, आणि आज ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. त्यामुळे मॉरिशसच्या किनाऱ्यावर जो काळा, बारीक भोकांचा दगड दिसतो तो बघून सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला लगेच ओळख पटते, हरिश्चंद्रगडावर हाताला लागतो तोच हा बेसाल्ट.

मग दगड काळा आणि वाळू पांढरी असं कसं? तर वाळू लाव्हाची नाहीये. बेटाच्या भोवती जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची रीफ आहे, कंबरपट्ट्यासारखी, काही ठिकाणी किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटरवर आणि काही ठिकाणी कित्येक किलोमीटर आत, आणि त्या प्रवाळाचा, शिंपल्यांचा चुरा होऊन ही वाळू होते. लाटा बाहेरच रीफवर फुटतात, आत जे उथळ शांत पाणी राहतं ते लगून, आणि सगळ्या फोटोंमध्ये जो हिरवट-निळा रंग असतो तो या लगूनचा. किनाऱ्यावर उभं राहून लांबवर बघितलं की पाण्यात एक पांढरी रेघ दिसते, सतत फेसाळणारी. ती रीफ. बीचवर पोचलात की टॉवेल टाकायच्या आधी ती रेघ शोधा. सलग दिसली तर आतलं पाणी बहुतेक सुरक्षित. रेघ मधेच तुटली असेल आणि तिथे पाणी गर्द निळं असेल तर ती पास, म्हणजे रीफमधली वाट. रेघच नसेल आणि लाटा थेट पायाशी येत असतील तर त्या समुद्रात उतरायचं नाही, कितीही सुंदर दिसला तरी.

पासबद्दल जरा जास्त सांगते कारण आपल्याकडच्या लोकांना याची सवय नसते. आपण कोकणात भरती-ओहोटी बघून पाण्यात जातो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मॉरिशसला मात्र भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर असतो, त्यामुळे लोकांना वाटतं इथे काही विचारच करायला नको. पण रीफवरून लाटांचं पाणी सतत लगूनमध्ये येत असतं आणि ते कुठूनतरी बाहेर जाणारच, ते जातं पासमधून. तिथे ओढ जबरदस्त असते, वरून पाणी गुळगुळीत दिसतं आणि खालून खेचत असतं. बहुतेक पास नदीच्या मुखासमोर सापडतात कारण गोड्या आणि गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत नाही. म्हणजे बीचच्या बाजूला नदी समुद्राला मिळत असेल तर समोर पास असणार हे धरूनच चला आणि पोहायला तिथून बरंच लांब जा. आणि चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करायची नाही, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यायचं, हात वर करून मदत मागायची.

आता वारा. इथे वर्षभर आग्नेयेकडून वारा येतो, आणि मे ते सप्टेंबर जास्त जोरात येतो. हे बेट विषुववृत्ताच्या खाली आहे त्यामुळे ऋतू उलटे, आपला मे म्हणजे त्यांच्या हिवाळ्याची सुरुवात. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर (आणि बरेच जण तेव्हाच जातात) पूर्वेचं आणि दक्षिणेचं पाणी वाऱ्याने डहुळलेलं आणि थोडं गार मिळेल, अशा वेळी मुक्काम उत्तर किंवा पश्चिमेला करा. दिवाळीत जाणार असाल तर चांदी आहे, वारा उतरलेला असतो, पाणी गरम व्हायला लागलेलं असतं, चारही बाजू मोकळ्या. डिसेंबरच्या शेवटी गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, दरवेळी येतंच असं नाही पण आलं तर सरकार क्लास एक ते चार असे इशारे देतं, आणि क्लास तीनला सगळं बंद करून घरात बसायचं असतं, तेव्हा "आपण लांबून बघून येऊ" हा विचार डोक्यातून काढून टाकायचा. आणखी एक, हिवाळ्यात दिवस छोटा असतो, जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी जेवून आरामात निघू म्हणाल तर बीच अर्धाच मिळतो.

उत्तरेपासून सुरू करू. पेरेबेर, मों श्वाझी, त्रू ओ बिश हे तीन मला लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर सगळ्यात बरे वाटतात. मों श्वाझीची वाळू लांबच्या लांब आहे आणि मागे सुरूची झाडं, म्हणजे कोकणात आहेत तीच, त्यामुळे सावली फुकट. त्रू ओ बिशला किनाऱ्यापासून थोडंसं आत गेलं तरी मासे दिसायला लागतात. ग्रां बे हे बोटी, दुकानं, हॉटेलं यांचं गाव आहे, तिथे पोहण्यापेक्षा तिथून बोट पकडायला जायचं, कॅटामरान (दोन बुडांच्या मोठ्या बोटी) उत्तरेच्या बेटांकडे जातात आणि वाटेत क्वां द मीर नावाचा पाचरीच्या आकाराचा खडक जवळून बघायला मिळतो. काप मालेरोचं लाल छपराचं चर्च सगळ्यांनी फोटोत बघितलेलं असतं, जा, बघा, पण तिथे खडक जास्त, पोहायला परत पेरेबेरला या.

पूर्वेला बेल मार. किती लांब वाळू, किती स्वच्छ, आणि पहाटे सूर्य थेट समुद्रातून वर येतो. लवकर उठणाऱ्यांनी एक सकाळ तरी इथे काढायलाच हवी. त्याच्या खाली त्रू दो दूस गाव, तिथून इल ओ सेर्फची बोट मिळते. इल ओ सेर्फला दुपारी बारा ते तीन खूप गर्दी असते म्हणून सकाळची पहिली बोट धरा आणि बोटीतून उतरल्यावर जिथे सगळे थांबतात तिथे न थांबता पाण्याच्या कडेने पुढे चालत जा. किनाऱ्यावर जो पहिला एजंट भेटेल त्याच्याकडे पैसे देऊन टाकू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा, जेवण धरून किती आणि नुसतं जाणं-येणं किती हे वेगवेगळं विचारा, परतीची शेवटची बोट कधी हे तर आधीच विचारा.

पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, लांब बीच, सुरूचं बन, संध्याकाळी सूर्यास्त, आणि रविवारी अख्ख्या बेटावरची कुटुंबं. मोठमोठी पातेली घेऊन येतात, बिर्याणी, चटण्या, गाणी, कुणीतरी राव्हान काढतं (बकऱ्याच्या कातड्याचा गोल डफ) आणि सेगा, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं-नाच, सुरू होतो. या सेगाला युनेस्कोने २०१४ मध्ये वारसा म्हणून मान्यता दिली आहे, पण हॉटेलच्या स्टेजवरचा सेगा आणि बीचवरचा सेगा यात फार फरक आहे, मी बीचवरचाच बघा म्हणेन. या बाजूला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, मराठी वस्ती जुनी आहे. इंग्रजांच्या काळात ऊस लावायला मजूर म्हणून जे लोक इथे आणले त्यात कोकणातलेही होते, आज त्यांची नातवंडं-पतवंडं घरात क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली इथली भाषा) बोलतात पण गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा तिथे असलात तर विसर्जनाला जा. कोकणातल्या जाखडीतून आलेली झाकरी नाचतात, ते बघताना पोटातून काहीतरी हलतं.

फ्लिक आं फ्लाकच्या खाली तामारां. इथे नदी येऊन मिळते म्हणून रीफ तुटलेली आणि लाटा आत येतात, सर्फिंगवाल्यांची जुनी जागा, पाणी तेवढं पारदर्शक नाही. शेजारी मिठागरं आहेत. सकाळी डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात आणि एका कळपामागे एवढ्या बोटी लागतात की मला ते बघवत नाही. जायचंच असेल तर लांबून बघणारी, इंजिन बंद ठेवणारी, पाण्यात उड्या मारायला न लावणारी बोट शोधा, थोडी महाग पडली तरी.

मग ल मॉर्न. समुद्राच्या काठावरून एकदम ५५६ मीटर उभा राहिलेला बेसाल्टचा डोंगर आणि खाली पांढरी वाळू. पण हा नुसता फोटोचा डोंगर नाही. मळ्यांमधून पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहायचे. गुलामगिरी १८३५ मध्ये बंद झाली, ते सांगायला शिपाई वर आले आणि लोकांना वाटलं पकडायला आले, त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी गोष्ट इथे तोंडोतोंडी चालत आलीय. २००८ पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे, दरवर्षी १ फेब्रुवारीला लोक इथे जमतात. पायथ्याशी स्मारक आहे, पाण्यात जायच्या आधी दहा मिनिटं तिथे थांबा. पोहायला सार्वजनिक बीचच्या मधल्या भागात, काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाला धरून बोर्डवरून पाण्यावर सरकणं) चालतं त्या टोकाला नाही, दोऱ्या आणि बोर्ड वेगाने येतात आणि पुढे पासही आहे. "पाण्याखालचा धबधबा" म्हणून जो व्हिडिओ फिरतो तो इथलाच. तो वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घरंगळत जाताना वरून तसा भास होतो, किनाऱ्यावरून किंवा बोटीतून काहीच दिसत नाही, फक्त हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातून. बजेट नसेल तर सोडून द्या, काही अडत नाही.

दक्षिणेला माझा जीव जास्त आहे. सुयाकजवळ ग्री ग्रीला रीफ नाही, लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात आणि पायाखालची जमीन थरथरल्यासारखी वाटते. कड्यावरून चालत पुढे गेलं की ला रॉश की प्लर येतो, तिथे कडेला पाच मिनिटं शांत उभं राहून एकच लाट नीट बघा. लाट खडकाच्या भेगांमध्ये शिरते, आत कुठेतरी दबका आवाज होतो, फेस वर उडतो, आणि मग लाट मागे गेल्यावर काळ्या दगडाच्या प्रत्येक खाचेतून पाण्याच्या बारीक धारा ओघळत राहतात, पुढची लाट येईपर्यंत. इथे पाण्यात उतरायचं नाही, ओल्या कातळावर सेल्फीसाठी पुढे जायचं नाही, शेवाळ असतं आणि मोठी लाट सांगून येत नाही. विमानतळाच्या बाजूचा ला काम्ब्यूजही तसाच, बघायला अप्रतिम आणि पोहायला धोक्याचा. पाटी लावलेली असेल तर ती वाचा, क्रिओल-फ्रेंच कळलं नाही तरी लाल चित्र कळतं.

पायात वॉटर शूज घाला, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. लगूनमध्ये वाळूच्या मधेमधे कातळ आणि मेलेलं प्रवाळ असतं, त्यात काळे काटेरी सी अर्चिन बसलेले असतात, आणि स्टोनफिश तर दगडासारखाच दिसतो, त्याच्या पाठीच्या काट्यात विष असतं. लागलंच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा (भाजेल इतकं नाही, आधी दुसऱ्याच्या हाताने बघा), त्याने वेदना कमी होतात, आणि लगेच दवाखाना, ॲम्ब्युलन्सचा नंबर ११४. सुंदर नक्षीचे शंकूच्या आकाराचे शंख उचलायचे नाहीत, कोन स्नेल जिवंत असेल तर त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. मुलांना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर ती ऐकत नाहीत.

पाण्याचा रंग वाचायला शिका, एका दिवसात जमतं. फिकट हिरवट म्हणजे खाली वाळू, उथळ. तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ, खडक किंवा समुद्रगवत, मासे तिथेच. गर्द निळं म्हणजे खोल. स्नॉर्केलिंगला सकाळी लवकर जा, वारा चढायच्या आत, आणि ऊन मागे असेल अशा बाजूने पोहा म्हणजे रंग नीट दिसतात. प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, ते जिवंत असतं आणि अगदी हळू वाढतं, आपण एका पायाने जे मोडतो ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. सनस्क्रीन पाण्यात उतरतं आणि ते प्रवाळाला चांगलं नाही, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहायचा घट्ट टी-शर्ट) घाला, पाठ भाजतही नाही.

हॉटेलचा बीच हा प्रकार कायद्याने नाही हे लक्षात ठेवा. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे. खुर्च्या आणि छत्र्या हॉटेलच्या, वाळू नाही, त्यामुळे किनाऱ्याने चालत कुठेही जाता येतं. मात्र रस्त्यावरून उतरायचं तर "पब्लिक बीच" लिहिलेल्या जागा शोधा, तिथे पार्किंग आणि टॉयलेट असतं, आणि खाण्याच्या गाड्याही. ढोल पुरी खा, डाळीची मऊ पुरी, जोडीने देतात, आत रस्सा आणि चटणी, आपल्या पुरणपोळीचं तिखट भावंड म्हणता येईल. अननस कोरून देठाला धरून देतात, मीठ-मिरची लावून. वर गार आलुदा, आपल्या फालुद्यासारखा. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत.

फिरायला गाडी भाड्याने घेतलीत तर सोपं, आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. बस स्वस्त आहे आणि जवळजवळ सगळ्या बीचना जाते पण संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून सूर्यास्ताच्या दिवशी परतीचं आधी ठरवून ठेवा. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मात्र हातात ठेवा. त्यांचा रुपया आपल्या जवळपास पावणेदोन-दोन रुपयांचा, भाव ऐकताना मनात तेवढं गुणून घ्या.

ब्लू बे मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो शेवटच्याच दिवसासाठी आहे. विमानतळापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं, आणि ३५३ हेक्टरचा मरीन पार्क, बेटावरचं सगळ्यात सहज बघता येणारं प्रवाळ. पोहायची जागा दोऱ्यांनी आखलेली आहे तिच्या आतच राहा, बाहेर बोटी धावतात. आतलं प्रवाळ बघायचं तर तळाला काच असलेली बोट घ्या, पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही दिसतं. बाजूलाच प्वांत देनी, तिथे २५ जुलै २०२० ला वाकाशियो नावाचं जहाज रीफवर चढलं आणि नंतर सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा हजारो लोक घरातून बाहेर पडले, उसाचं पाचट कापडात भरून लांब लांब तरंगते बांध शिवले आणि पाण्यात उतरून तेल अडवलं. तिथल्या माणसांचा या पाण्यावर किती जीव आहे ते त्यातून कळतं, म्हणून आपणही शंख-प्रवाळाचा एक तुकडासुद्धा बॅगेत घालू नका, न्यायला बंदीच आहे.

मुंबईचं विमान दुपारनंतरचं असेल तर सकाळी सातला ब्लू बेला पोचा, दहापर्यंत पाण्यात, मग जवळच्या माएबूर गावात जेवण. ओले कपडे ठेवायला घरूनच एक जाड पिशवी न्या, तिकडे २०१६ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आणि स्कूबा केलं असेल तर ते आदल्या दिवशी सकाळीच उरकलेलं पाहिजे, डाइव्हनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं, शेवटच्या दिवशी फक्त स्नॉर्केलिंग.